दुसरं झाड

अजमान
शुक्रवार, १३ नोव्हेंबर २००९

प्रिय शैलेंद्र,

शौकत उद्या गावी निघतोय. मुंबईला उतरून रत्नागिरीला जाताना चिपळूण वाटेतच लागतं, तेव्हा तुझ्या दादांच्या दारात पाच मिनिटं थांबेन म्हणालाय. तुला तो नवा. मी गेल्या महिन्यात ज्या घरात राहायला आले त्याच्या पुढच्या भागात तो आणि त्याची बायको हव्वाबी राहतात. मागच्या दोन खोल्या आणि अंगण माझं. शौकत खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला आहे, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. हव्वाबीने त्याची बॅग काट्यावर चढवली आणि "दोन किलो भाईंच्या नावाचे" म्हणून जागा सोडली. त्यात दुधाची पावडर, खजूर, तुझं डोक्याला चोळायचं तेल आणि हे पत्र.

पाकीट उघडंच देते आहे. हातोहात न्यायचं पत्र बंद करून दिलं तर नेणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं तुझी आई म्हणायची. शौकत ते माझ्यासमोर चिकटवेल.

तू म्हणशील, फोन आहे की. पण फोनवर आपण काय बोलतो? वेदांगचा फोन आला का, पाऊस थांबला का, गुडघा कसा आहे. मग कार्डातले पैसे संपतात, आणि मला वाटतं बरं झालं संपले, नाहीतर दोघांना गप्प बसावं लागलं असतं. कागदावर गप्प बसता येत नाही. म्हणून लिहिते.

तुझ्या कंपनीचा दुबईतला अल कुसैसचा फ्लॅट सोडताना मला वाटलं होतं त्याहून कमी रडू आलं. खिडकीतून दिसणाऱ्या त्या तीन क्रेन तुला आठवतात? तुम्ही काम थांबवलंत त्या दिवशी ज्या तोंडाने होत्या, त्याच तोंडाने अजून उभ्या आहेत. त्या रोज बघायला लागू नयेत, हेही अजमानला येण्याचं एक कारण होतं. दुसरं कारण म्हणजे हे अंगण. नुसती वाळू आहे, एका कोपऱ्यात कुणी तरी सोडून गेलेली बोगनवेल आहे. पण मालकीचं नसलं तरी जमिनीवरचं अंगण आहे, शैलेंद्र. एवढ्या वर्षांत आपण या देशात कधी जमिनीवर राहिलोच नाही.

आता हसून घे. मला इथे सफरचंद लावायचं आहे.

वेदांग टोरांटोहून हसला. "मॉम, यू कॅन जस्ट बाय ॲपल्स." मी म्हटलं, विकतच आणते आहे जन्मभर. तो म्हणाला, "बट वाय नॉट लिंबू?" लिंबू हा एवढा एकच मराठी शब्द त्याने बोलावा आणि तोही मला समजवायला!

पाचगणीला आमच्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरामागे एक सफरचंदाचं झाड होतं. तुला सांगितलंय मी. नसेल तर पुन्हा कधी सांगेन. फेब्रुवारीत ते फुलायचं, आणि साताऱ्याहून आलेल्या, रात्री उशीत तोंड घालून रडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला त्याच्याखाली उभं राहिलं की घरी असल्यासारखं वाटायचं. का, ते विचारू नकोस. आमच्या घरी सफरचंदाचं झाड नव्हतं.

काल शारजाच्या नर्सरीत गेले होते. तिथे फुजी होतं, गाला होतं, फांदीला लाल सफरचंदाचा फोटो बांधलेला. विकणारा म्हणाला, "मॅडम, गारंटी. सेब आएगा. नहीं आया तो वापस ले आना."

"तीन साल बाद?"

"इन्शाल्ला, मैं इधर ही होगा."

पण मी शाळेच्या स्टाफरूममधल्या कंप्यूटरवर सगळं वाचून गेले होते. सफरचंदाला फळ धरायला थंडी लागते. पानं गाळून, झोपून राहण्यापुरती थंडी. फुजी-गालाला लागते तेवढी थंडी अजमानला सात वर्षांत मिळून पडत नसेल. इथली थंडी म्हणजे हव्वाबीची शाल कपाटाबाहेर येते ते दिवस. थोडक्या थंडीत भागवून घेणारी जात एकच सगळीकडे वाचायला मिळते, तिचं नाव ॲना. आमच्या वर्गात एक ॲना होती, ती पण कमी खायची.

ॲना मिळाली तर लावीन. कुठे लावू ते सांग. अंगण पूर्व-पश्चिम चौदा पावलं, दक्षिण-उत्तर नऊ. माझी पावलं तुला माहीत आहेत.

तुझी,
मृणाल


अजमान
शुक्रवार, ८ जानेवारी २०१०

प्रिय शैलेंद्र,

शौकतच्या हाती आलेलं तुझं पत्र मिळालं. काजू मिळाले. काजू छान आहेत.

तू लिहितोस, "तीन वर्षांनी फळ देणारं झाड माणूस जिथे राहायचं ठरवतो तिथे लावतो. तुझं ठरलेलं दिसतंय."

माझं काही ठरलेलं नाही. ठरवायला दोन माणसं लागतात. तू मार्चमध्ये गेलास तेव्हा सहा महिने म्हणाला होतास. मी काही तारीख मागितली नव्हती. आणि चिपळूणला निघून ये, असंही तू एकदाही लिहिलेलं नाहीस. लिहिलंस तर मी काय करीन, मला माहीत नाही. पण तू लिहिलेलं नाहीस.

व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधला तो मुलगा काही वाईट मनाने बोलला नव्हता रे. तुझी नोकरी गेली होती, आणि शिक्षिकेला नवऱ्याचा व्हिसा काढता येतो, एवढा साधा नियम. "सर, अब मॅडम आपका स्पॉन्सर! रोज पैर दबाना पड़ेगा." रांगेतले चारजण हसले, तूही हसलास. मग अल कुसैसपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाहीस, आणि घरी आल्यावर अर्जाचा कागद नीट घडी घालून टेबलावर ठेवलास. मी तेवीस वर्षं तुझ्या व्हिसावर राहिले, शैलेंद्र. माझ्या पासपोर्टवर "हाऊसवाइफ" लिहिलेलं होतं, शाळेत शिकवत असतानासुद्धा कितीतरी वर्षं. मला त्यात अपमान वाटला नाही. तुझ्या नावाखाली राहिल्यासारखं वाटलं, एवढंच.

असो. झाडाचं.

ॲना मिळाली. एकशे वीस दिरहम. लगेच मनातल्या मनात पंधराशे रुपये झाले, ती खोड काही जात नाही. कमरेएवढी आहे, तीन फांद्या, टोकाला चार पानं. आणि तुझं पत्र वाचल्यावर मी तिला जमिनीत लावली नाही. शौकतने बंदरावरून निळ्या प्लास्टिकचा अर्धा ड्रम आणून दिला, तळाला भोकं पाडून दिली. ड्रममध्ये लावली आहे. ड्रम हलवता येतो. म्हणजे माझं काही ठरलेलं नाही, हे झालं ना सिद्ध?

हव्वाबी म्हणाली, "काय गो बाय, भिंतीला एवढी जागा नि झाडाला पाण्याच्या पिंपात कोंबलीस?"

मी म्हटलं, "ते पाहुणं आहे."

"पाहुण्याला खाट देतात, पिंप नाय."

तुझी,
मृणाल


अजमान
शुक्रवार, २४ सप्टेंबर २०१०

प्रिय शैलेंद्र,

उन्हाळा गेला म्हणतात. अंगणातला नळ अजून दुपारी हात भाजतो.

ॲनाची पानं जुलैत कडेने जळाली, विडी ओढल्यासारखी. मी ड्रम ओढत ओढत भिंतीच्या सावलीत नेला, सावली सरकली की पुन्हा ओढला. सुट्टीत तिकडे आले नाही ते यामुळे नव्हे, हे तुला माहीत आहे. तू "ये" म्हणाला असतास तर ड्रम हव्वाबीच्या ताब्यात दिला असता.

जूनमध्ये तुला ड्रमविषयी फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "हं" म्हणालास, आणि मी समजले विषय संपला. आणि तीन आठवड्यांपूर्वी हा नकाशा! शैलेंद्र, मी तो फ्रिजवर लावला आहे. न पाहिलेल्या अंगणाचा नकाशा माझ्या पावलांवरून काढलास, उत्तरेचा बाण, भिंतीची सावली दुपारी किती पडेल ती रेघ, खड्ड्याचा उभा छेद, तळाला खडी, वर विकतची माती, त्यावर पालापाचोळा. आणि खाली तुझ्या त्या चौकोनी अक्षरात: "प्लास्टिकमध्ये मुळं शिजतील. जमिनीत लाव."

दोनच शब्द. जमिनीत लाव. मी त्यांतून काय काय वाचलं ते लिहीत नाही. तुला फक्त मुळांविषयी म्हणायचं असेल.

खड्डा दोन शुक्रवार खणला. वाळू असल्यामुळे खणायला सोपं, पण जेवढी काढावी तेवढी कडेची आत येते. तुझ्या मापाइतका खोल झाला आहे. झाडही लावून झालं. शौकतने ड्रम उभा कापला आणि मुळं मातीसकट अलगद सोडवली.

अक्षर वाकडं आलंय ते खुर्चीत जरा वेगळी बसले आहे म्हणून. बाकी ठीक. शाळेत दोन दिवस रजा घेतली, कामं साचली होती.

तुझी,
मृणाल


अजमान
शुक्रवार, ८ ऑक्टोबर २०१०

प्रिय शैलेंद्र,

म्हणजे शौकतने सांगितलं. पत्र उघडं दिलं, त्याने माझ्यासमोर चिकटवलं, एक अक्षर वाचलं नाही, आणि तुमच्या दारात चहा पिताना पत्रात नसलेलं तेवढं सगळं बोलला. वर मला म्हणतो, "मॅडम, भाईंनी विचारलं, बरी आहे का? मी खोटं कसं बोलू? रोजे नुकतेच संपलेत."

घोटा मोडलाय. हाड एका जागी चिरलं आहे, प्लास्टर आहे, महिन्यात निघेल. संध्याकाळी फावडं आणायला वळले आणि मीच खणलेल्या खड्ड्यात मागे पाऊल टाकलं. खड्डा तुझ्या नकाशाप्रमाणे खोल झाला होता, हे तर सिद्ध झालं.

तू फोनवर एवढा ओरडलास की हव्वाबी भिंतीपलीकडून म्हणाली, "भाई आले काय गो?"



रागावू नकोस. म्हणजे, रागाव. पण असाच फोनवर रागाव.

मृणाल


अजमान
शुक्रवार, ११ मार्च २०११

प्रिय शैलेंद्र,

ॲना फुलली!

कळ्या गडद गुलाबी, उमलल्या की आतून पांढऱ्या. वाळू, निळी टाकी, शौकतची गंजलेली सायकल, आणि मधोमध हे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी फोटो दाखवला तर एक म्हणतो, "मिस, इज इट प्लास्टिक?"

पंधरवडाभर फुलं राहिली. मग पाकळ्या गळल्या. मग दांडे पिवळे पडून तेही गळले. एकही फळ धरलं नाही.

मी आधी पाण्याला दोष दिला, मग वाऱ्याला. मग पुन्हा स्टाफरूममध्ये जाऊन वाचलं. आणि शैलेंद्र, आता तुला ते पाचगणीचं झाड सांगते.

ते झाड दरवर्षी फुलायचं आणि त्याला कधीच सफरचंद धरायचं नाही. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, तुम्ही मुली फुलं तोडता म्हणून. "यू नॉटी गर्ल्स, यू हॅव मेड द ट्री सॅड." एका वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना झाडासाठी नोव्हेना करायला लावली, म्हणजे लागोपाठ नऊ दिवसांची प्रार्थना. मी देशपांड्यांची मुलगी, गुडघे टेकून झाडाची क्षमा मागत होते. मी एकही फूल तोडलं नव्हतं. पण मनात यायचं, तोडावंसं वाटलं तेही देवाने पाहिलं असेल.

आणि खरी गोष्ट काय? बहुतेक सफरचंदांना आपल्याच फुलाचा पराग चालत नाही. जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं, आणि तेही त्याच दिवसांत फुलणारं. पाचगणीचं झाड एकटं होतं. कुणी तरी पाद्र्याने हौसेने एक आणून लावलं, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच्याखाली गुडघे टेकत राहिलो. वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले. मग डोळे पुसावे लागले. पलीकडची मुग्धा म्हणाली, "मॅडम, एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, मला आज माफी मिळाली.

तर आता दुसरं झाड निवडायचं आहे. कुठलंही चालणार नाही. गाला आणि फुजी उशिरा फुलतात. इथे तर फुलणारही नाहीत. डॉर्सेट गोल्डन नावाचं एक आहे, पिवळं फळ येतं, थंडी तेवढीच थोडी लागते, आणि ॲनाबरोबरच फुलतं असं लिहिलंय. आणखी एक ट्रॉपिक स्वीट म्हणून आहे, ते जास्त गोड, पण आठवडाभर मागे-पुढे. मी गोडीचा विचार सोडून दिला आहे. एकाच वेळी फुलणं महत्त्वाचं.

अंतर किती ठेवू? तुझ्या नकाशात एकाच झाडाची जागा आहे.

तुझी,
मृणाल


अजमान
शुक्रवार, ६ जानेवारी २०१२

प्रिय शैलेंद्र,

तुला विमानतळावर सोडून आल्यापासून मी या घरात हळू चालते आहे, कुणी झोपलं असल्यासारखी.

मार्चच्या पत्राला तू एका ओळीचं उत्तर दिलं होतंस: "अंतर जागेवर बघून ठरवावं लागेल." ते वाचून मी हव्वाबीला म्हटलं होतं, इंजिनियर लोक असंच बोलतात, येणार-बिणार नाहीत. आणि डिसेंबरच्या सुट्टीत तू खरंच व्हिजिट व्हिसावर आलास, महिनाभर. दाराशी उभा राहून आधी अंगण बघितलंस, मग मला.

तू डॉर्सेट लावलंस तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते. नर्सरीतल्या त्या गारंटीवाल्याला तू कलमाची गाठ कुठे आहे, मुळं कुंडीत गुंडाळली आहेत का, असं इतकं विचारलंस की तो म्हणाला, "सर, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?" तू म्हणालास, "लड़की घर में है, लड़का ढूँढ रहा हूँ." इतक्या वर्षांनी तुला असा बोलताना ऐकलं. खड्डा मला खणू दिला नाहीस. शौकतलाही नाही. ॲनापासून चार पावलांवर, तुझी नव्हे, माझी पावलं. मला चालायला लावून मोजलंस.

आणि शेवटच्या दिवशी मी वाट पाहत होते, आणि तू फक्त पाण्याची नळी कशी गुंडाळायची ते दाखवलंस.

मी म्हटलं, थकला असेल. शौकत म्हणाला, "भाई थकले नाय, लाजले." हव्वाबीने त्याला गप्प केलं.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी दोन्ही झाडांची पानं हाताने काढून टाकली. इथे तसंच करतात. थंडी पुरेशी नसली की पाणी कमी करायचं आणि पानं ओरबाडायची, म्हणजे झाडाला वाटतं, हिवाळा झाला. हव्वाबी धावत आली. "अगो, झाड कशाला सोलतेस? भाई गेले त्याचा राग झाडावर?"

मी म्हटलं, "झाडाला फसवते आहे. हिवाळा येऊन गेला असं सांगते आहे."

ती डॉर्सेटच्या खालच्या फांद्यांची पानं काढायला लागली. "मग नीट फसव," म्हणाली, "एक पण ठेवू नको."

तुझी,
मृणाल


अजमान
शुक्रवार, ९ मार्च २०१२

प्रिय शैलेंद्र,

दोन्ही एका आठवड्यात फुलली. ॲना भरून, डॉर्सेट जेमतेम दोन झुबके. नवंच आहे ना. पण एकाच वेळी.

मधमाश्या मात्र नाहीत. असल्या तरी अजमानच्या या गल्लीत त्यांना कोण पत्ता सांगणार? म्हणून मी तुझा दाढीचा ब्रश घेतला. हो, तो माझ्याजवळ आहे. अल कुसैसच्या न्हाणीघरात तू विसरून गेला होतास, मी इथे आणला, कपाटावर होता. तू डिसेंबरात आलास तेव्हा लपवून ठेवला होता. नेशील अशी भीती वाटली. धुऊन वाळवून त्याने डॉर्सेटच्या फुलांवरून ॲनाच्या फुलांवर फिरवला, रोज सकाळी शाळेत जाण्याआधी. ब्रशाला अजून तुझ्या साबणाचा वास आहे की मला भास होतो, कोण जाणे.

आणि फळं धरली आहेत! शेंगदाण्याएवढी, वर लव. बरीच गळली, काही राहतील. मी मोजत नाही. मोजलं की दृष्ट लागते असं हव्वाबीचं म्हणणं, आणि रोज माझ्या मागे ती गुपचूप मोजून येते.

आता दुसरं. प्रिन्सिपलनी विचारलंय, पुढची दोन वर्षं राहणार का. मी अठ्ठावन्नची झाले, त्यानंतर ठेवणार नाहीत. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

मला आता आडवळणाने लिहायचा कंटाळा आला आहे. मला एका घरात राहायचं आहे, शैलेंद्र. तुझ्याबरोबर. इथे किंवा तिथे. इथे राहायचं तर माझ्या व्हिसावर राहावं लागेल, दुसरा मार्ग नाही, कारण तुझ्या वयाच्या माणसाला आता इथे कुणी नोकरी देत नाही हे तू स्वतःच डिसेंबरात शोधून पाहिलंस. मला न सांगता, पण तुझ्या शर्टांना इस्त्री मीच करत होते. तिथे राहायचं तर तुला मला बोलवावं लागेल. दोनपैकी एक लिही.

तुझी,
मृणाल


अजमान
शुक्रवार, १८ मे २०१२

शैलेंद्र,

दोन महिन्यांनी उत्तर आलं. दादांच्या मोतीबिंदूचं लिहिलंस, शेजारच्या इमारतीच्या गळक्या गच्चीचं लिहिलंस. शाळेबद्दल, "तुला योग्य वाटेल ते कर." आणि शेवटी, "सफरचंदं पिकली की एक शौकतबरोबर पाठव. बघू तरी कसं लागतं."

हव्वाबीने ऐकल्याबरोबर काटा काढला. "एक काय, दोन जातील. टॉवेलात गुंडाळून देऊ."

मी नाही म्हटलं.

गेली तीन वर्षं आपलं सगळं दुसऱ्यांच्या बॅगांतून चाललंय. खजूर, तेल, काजू, माझी पत्रं, तुझा नकाशा. माझा मोडलेला पायसुद्धा शौकतच्याच तोंडून तुझ्यापर्यंत गेला. मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण हे सफरचंद मी पाठवणार नाही. मुंबई–गोवा रस्त्यावर सात तास टॉवेलात घुसमटून ते तुझ्या हातात पडेल तेव्हा मऊ झालेलं असेल, आणि तू म्हणशील, ठीक आहे, आंबटगोड आहे.

ते झाडावरच राहील. खायचं असेल तर इथे यावं लागेल.

प्रिन्सिपलना मी जूनअखेरपर्यंत थांबा म्हटलंय. त्या जेसुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकलेल्या आहेत, मी कॉन्व्हेंटची. वाट बघण्याचं आम्हा दोघींना चांगलं वळण आहे.

हे पत्र मी बंद करून देते आहे. शौकतला सांगितलं, अविश्वास समजू नकोस. तो म्हणाला, "खलास, मॅडम. या वेळी मी पण काय सांगणार नाय."

मृणाल


रविवार, १७ जून २०१२
सकाळ

शैलेंद्र,

तू गाढ झोपला आहेस म्हणून लिहून ठेवते, उठवत नाही. शाळेची बस बाहेर उभी आहे.

चहाची पावडर डावीकडच्या डब्यात. दूध तापवलंय. उपमा झाकून ठेवलाय. एसी बंद करू नकोस, दुपारी घर तापायला लागलं की पुन्हा थंड होत नाही. हव्वाबी दहा वेळा डोकावेल, तिला एकदा आत घे, म्हणजे बाकीच्या नऊ वाचतील.

काल तुझा प्रवासातला शर्ट धुवायला काढला. खिशात फोटो होते. आठ. पांढरी पार्श्वभूमी, व्हिसाला लागतात तसेच. मागे चिपळूणच्या स्टुडिओचा शिक्का आणि एप्रिलची तारीख. म्हणजे मी रागाने पत्र बंद केलं त्याच्या आधीच तू टाय लावून कॅमेऱ्यासमोर बसला होतास, आणि मला लिहीत होतास गळक्या गच्चीबद्दल.

फोटो पुन्हा खिशात ठेवले आहेत. मी ते पाहिलेले नाहीत. तू दाखवशील तेव्हा मी चकित होईन. कॉन्व्हेंटच्या नाटकात मला दरवर्षी देवदूत बघून चकित होणाऱ्या मेंढपाळाचं काम असायचं.

ॲनाच्या खालच्या फांदीवरचं लाल झालंय ते पिकलं आहे. बुलबुल येतो, त्याला हाकल. पण तू हात लावू नकोस.

मी दोनला येते. टायपिंग सेंटर चारला उघडतं.

आधी सफरचंद.

मृणाल